नोंद ८१४

हृदय. स्त्री, वय एकतीस. डाव्या बाजूची झडप आकसलेली. आले: १२ जानेवारी २००१.

एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या वस्तूला देऊ नये. संग्रहालयाचा सहावा नियम. नंदकुमारने तो स्वतः टाइप करून दारामागे चिकटवला होता.

मे २००९. वरची फळी निसटली. फरशीवर काच, फॉर्मलिन, आणि मधोमध मुठीएवढं काहीतरी, ज्यावर फळी पडली.

पंधरा वर्षांनंतर. पांढरं कापड, सव्वा मीटर. स्टीलचा डबा, झाकणासकट.

डबा वल्लरीने टेबलावर ठेवला. "हा चालेल ना, अंकल?"

"चालते जी," नंदकुमार म्हणाला.

अमरावती सोडून त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. चंदीगडच्या कडेच्या या ट्रस्टच्या मेडिकल कॉलेजात रोगांचं संग्रहालय तो एकटा सांभाळत होता. आलेला अवयव बरणीत बसवायचा, क्रमांक द्यायचा, रजिस्टरात नोंदवायचा, पाणी पिवळं पडलं की बदलायचं.

वल्लरीची आई, इंद्रायणी, इथल्याच हॉस्पिटलात वारली. वल्लरी तेव्हा चार वर्षांची होती. वडील एअरफोर्समध्ये, हृदय ठेवून घ्यायला त्यांनी सही दिली होती. आता जुन्या वस्तू नातेवाइकांनी मागितल्या तर परत द्यायच्या, असं कॉलेजने ठरवलं. अर्ज एकच आला, वल्लरीचा.

८१४ ची बरणी तिच्या पुढ्यात होती. चिठ्ठी बरोबर होती. आतलं हृदय तिच्या आईचं नव्हतं.

फळी पडली तेव्हा जे उरलं ते हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेलं. कॉलेजची तपासणी चार दिवसांवर होती. त्याच आठवड्यात पोस्टमॉर्टेमकडून एक हृदय आलं, रोग तोच. नंदकुमारने ते जुन्याच क्रमांकाखाली बसवलं. नवी नोंद केली नाही. विद्यार्थी तेच शिकणार होते.

"पप्पा खाली गाडीत बसलेत. वर नको म्हणाले," वल्लरी म्हणाली. "मी टच करू?"

"काचेला करा."

तिने तळवा टेकवला. बराच वेळ काढला नाही.

"पप्पा सांगतात, ममाचे हात इतके छोटे होते, की बांगड्या लहान मुलींच्या मापाच्या आणायचे. हे तर बडा है, अंकल."

अर्ज आल्यापासून आठ दिवस नंदकुमार एक वाक्य घोकत होता. ताई, हे तुमच्या आईचं नाही. वाक्य दातांपर्यंत आलं.

"खरं सांगू काय?"

"हां जी."

ती त्याच्याकडे वळली. हात काचेवरच होता.

"या रोगात फुगते ते," तो म्हणाला. "झडप आकसली की मागचा कप्पा फुगते."

हे खरं होतं. वर्षानुवर्षं तो विद्यार्थ्यांना हेच सांगत आला होता.

"मतलब तिला खूप त्रास झाला असणार."

"हो."

वल्लरीने दोन ठिकाणी सह्या केल्या. त्याने हातमोजे चढवले, झाकण उघडलं, हृदय नळाखाली तीनदा धुतलं आणि कापडात ठेवलं. गाठ बसेना.

"सोडा अंकल, मी बांधते."

तिने बांधली. घट्ट, दोनदा. डबा बंद केला, छातीशी धरला आणि जिना उतरली.

नंदकुमारने रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं: नातेवाइकांच्या ताब्यात, अंत्यसंस्कारासाठी. खिडकीतून गाडी दिसत होती. म्हातारा दार उघडून बाहेर आला, त्याने दोन्ही हात पुढे करून डबा घेतला आणि तसाच उभा राहिला. वल्लरीने त्याला दंडाला धरून परत आत बसवलं. गाडी पंचवीस सेक्टरच्या स्मशानाकडे वळली.

मे २००९ मध्ये पोस्टमॉर्टेमकडून आलेलं ते हृदय जवळच्या मलोया गावातल्या एका सुताराचं होतं, वय अठ्ठावन्न. त्याच्या दोन मुली शवागाराबाहेर दीड दिवस बसून होत्या.