शेवटचं गिऱ्हाईक

"महामहिम, धारांची वेळ झाली. गाई थांबायच्या नाहीत," लॉर्न म्हणाला.

गावच्या सभागृहात चार वाजत आले होते. जेवण कधीच उरकलं होतं, चहाचे कप गार पडले होते, तरी दोनशे माणसं खुर्च्या धरून बसली होती. ॲथॉल गिलिस यांना भरून आलं होतं. बेटाचे लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे साक्षात राजाचे प्रतिनिधी झाल्यावर ते आज पहिल्यांदा गावी आले होते. गाव आता आपल्याला परकं मानेल, ही धास्ती त्यांनी राजधानीपासून सोबत आणली होती. इथे तर कोणी हलेना.

"मग जा की. धरलंय कोणी?" ते लॉर्नला म्हणाले.

"तूच."

मागे उभ्या, त्यांच्या दिमतीला दिलेल्या कॅप्टननं कानाशी लागून खुलासा केला. तलवार सांभाळणं आणि खुलासे करणं, एवढंच त्याचं काम होतं. "सर, आपण निघाल्याशिवाय कोणाला निघता येत नाही. रिवाज आहे. निमंत्रणासोबत पत्रक वाटलं होतं."

गिलिस यांनी एक्केचाळीस वर्षं गुरांचं खाद्य आणि खिळे विकले होते. "गिऱ्हाईक आत असताना मी कधी निघालो नाही, कॅप्टन. माझ्याच लग्नाला वीस मिनिटं उशिरा पोचलो. कोणी तरी बिजागऱ्या निवडत होतं."

"मीच तो," लॉर्न म्हणाला.

"आणि घेतल्या नाहीसच," गिलिस यांची बायको व्हर्ना म्हणाली.

रस्त्यापलीकडे लॉर्नच्या गोठ्यात हंबरणं सुरू झालं.

गिलिस उठले. दोनशे खुर्च्या सरकल्या, सारं गाव उभं राहिलं. त्या खुर्च्या त्यांनीच सभागृहाला विकल्या होत्या. एवढा आवाज करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ते ताठ चालत बाहेर पायरीवर आले.

"मी निघालो ना, कॅप्टन?"

"निघालात, सर."

"झालं तर." त्यांनी वळून दार उघडं धरलं. "जपून, मर्टल, पायरी निसरडी आहे. एर्ल, गुडघा कसा आहे? ये परत."

एकेक जण नावानिशी बाहेर पडला. थोड्या वेळानं कॅप्टननं तलवार काखेत मारून दाराची दुसरी फळी धरली. व्हर्ना गाडीत जाऊन बसली. तिला सवय होती.

शेवटी लॉर्न आला. डोक्यावर गिलिस यांच्याच दुकानाचं नाव छापलेली टोपी. ती फक्त चर्चमध्ये उतरायची. पायरीवर तो थांबला, टोपी काढली. उन्हानं रापलेल्या चेहऱ्यावर कपाळाची वरची पट्टी पांढरीफटक होती.

"येतो, ॲथॉल," तो म्हणाला, आणि मार्चच्या वाऱ्यात बोडक्यानंच रस्ता ओलांडून गोठ्यापर्यंत गेला.

गिलिस यांनी दार ओढून घेतलं, मूठ दोनदा हलवून पाहिली आणि मगच गाडीत बसले.