कूलर बंद

सुईच्या टोकाला अडकलेला तो धुळीचा तंतू, पापणीच्या केसाएवढा, ताराने श्वास रोखून रंगाच्या ब्रशने काढला, आणि हाच तो गुन्हेगार असं स्वतःला बजावत दांडी रेकॉर्डवर टेकवली. दोन ओळी नीट गेल्या... आणि सुई उडालीच.

रेकॉर्ड पुसून झाली होती, प्लेअर ठेवलेल्या कपाटाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवून झाला होता, दांडीवर वजनाला जुनं नाणंही ठेवून झालं होतं. संध्याकाळी सदर बाजारातला जुन्या वस्तूंचा दुकानदार तो विकत न्यायला येणार होता. ‘‘वाजतच नाही तर कशाला ठेवतेस, आई?’’ पुण्याहून केयूर फोनवर म्हणाला होता. एकदा, निदान एकदा, हे गाणं तिच्या हाताने शेवटपर्यंत वाजायला हवं होतं. केयूरचे बाबा, कृष्णकांत, असताना त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता, आणि ते गेल्यावर—

थकून तिने कपाटावर तळहात टेकला. लाकूड थरथरत होतं. खिडकीतल्या कूलरची चौकट कपाटाला चिकटली होती.

ती उठली, बटण बंद केलं. गाणं सरळ चालू लागलं.

म्हणजे... मे महिन्याच्या दुपारी, हुडकेश्वरचं ऊन छतावरून उतरत असताना, रेकॉर्ड लावण्याआधी ते कूलर बंद करायचे, ते यासाठी? आणि मी, बिल वाचवतोय कंजूष माणूस, असं म्हणत ओला पंचा डोक्यावर घेऊन मागच्या खोलीत जाऊन पडायचे, गाणं संपेपर्यंत—

‘‘काहून वं तारा, कूलर काहून बंद?’’ शेजारच्या कांताबाई धापा टाकत दारात उभ्या. ‘‘आवाज थांबला म्हणून धावत आली मी. मले वाटलं, गेली का काय ही बी!’’

‘‘आहे अजून. बसा.’’

कांताबाईंनी पदराने वारा घेत प्लेअरकडे पाहिलं. ‘‘असं होय! भाऊजी बी असंच बंद करत. कूलरनं सुई हालते म्हणे. फाटकापाशी उभं राहून आमच्या ह्यायले सांगून राहिले होते एकदा.’’

‘‘तुमच्या ह्यांना सांगितलं?’’

‘‘मंग! तुले नाई सांगतलं?’’

गाणं पुढे गेलं होतं, तिने कधीच न ऐकलेल्या कडव्यात. घाम मानेवरून ओघळत होता. शेजारच्या माणसाला, फाटकापाशी, हसतहसत सांगितलं असेल, आणि घरातली बायको इतके उन्हाळे तोंड फुगवून मागच्या खोलीत पडली आहे, तिला सांगायला मात्र...

‘‘अहो, काय जात होतं तुमचं?’’ ती फिरत्या रेकॉर्डकडे बघत मोठ्यानेच म्हणाली.

कांताबाईंचा पदर हवेतच थांबला. ताराला लाज वाटली नाही. इतके महिने ती नुसतं शहाण्यासारखं रडत आली होती, आलेल्यांना पाणी देत, ‘हो, शांतपणे गेले’ म्हणत. आता कानशिलं तापली होती, बोलायचं पुष्कळ साचलं होतं, आणि हे भांडण अर्ध्यावर टाकून कुणासाठी, त्या दुकानदारासाठीसुद्धा, उठायची तिची मुळीच तयारी नव्हती.