दुधात न्हालेलं हाड

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी उदगीरकडच्या आमच्या गावचं तळं पार आटलं. गाळ काढताना रेवणप्पाच्या कुदळीला गुराची जुनी कवटी लागली.

नांदेडहून संशोधक शीलवती गजभारे आल्या. म्हणाल्या, "दोनेक हजार वर्षांपूर्वीची असावी. आत डीएनए टिकला असेल, तर तेव्हा इकडं गुरं किती होती, दुष्काळात घटली का, पुन्हा वाढली का, याचा अंदाज येईल."

रेवणप्पानं 'पुन्हा वाढली का' तेवढंच ऐकलं. त्यानं महिन्यापूर्वीच दावणीची शेवटची देवणी, इकडच्या मूळ जातीची गाय विकली होती. गावात आता एकही देवणी नव्हती. उरल्या होत्या डेअरीच्या जर्सी.

"उद्या डबे घेऊन येते, अप्पा. तोवर कवटीला हात लावू नका."

उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून भांडणाऱ्या समितीचे अध्यक्ष मडिवाळप्पा लगेच हजर झाले. "लातूर जिल्हा ब्याऐंशीचा. आपली गाय दोन हजार वर्षांची. आता उदगीर जिल्हा कोण अडवतंय बघू."

पावसाळ्यानंतर शीलवतीबाई निकाल घेऊन आल्या. चेहरा उतरलेला.

"अप्पा, कवटीत जर्सी निघाली. सगळी आजकालची. हिला काय केलं होतं?"

"गाय हाय ती. चिखलात कशी ठिवावी? न्हाऊ घातलं," रेवणप्पाची बायको रत्नम्मा म्हणाली.

"कशानं?"

"दुधानं. पाणी कुठं होतं? टँकर आठवड्याला यायचा, डेअरीचं दूध रोज मिळायचं."

"हात नाही लावला, बाई," रेवणप्पा म्हणाला. "तांब्यानं ओतलं. रातभर घमेल्यात भिजू दिली."

"हाड भेगाळलेलं होतं. दूध आत मुरलं, त्यातला जर्सीचा डीएनए हाडात बसला, जुना होता तो धुऊन गेला."

मडिवाळप्पा खुलले. "म्हंजे जर्सी मूळची आपलीच. निवेदनात घालू."

रेवणप्पानं विचारलं, "मग ती गुरं परत वाढली का, ते?"

"नाही कळलं. तळ्यात आणखी हाडं असतील."

तळं काठोकाठ भरलं होतं. त्या आनंदात साऱ्या गावानं पेढे वाटले होते.

"म्हंजे पुन्हा आटंल तवाच," रेवणप्पा म्हणाला.

"मग न्हाई कळलं तरी चालंल," रत्नम्मा म्हणाली.

"चालंल," तो म्हणाला, आणि रिकाम्या दावणीकडं पाठ करून बसला.