लोटा आणि नाडी

किल्लारीच्या भूकंपानंतर लातुरात घरोघरी काहीतरी टांगलेलं असे. ते हललं की बाहेर पळायचं. संगप्पा सरांनी क्लासच्या पत्र्याच्या शेडमध्ये पितळी लोटा टांगला. पण तो वाऱ्यानंही हले, आणि भौतिकशास्त्र अर्ध्यावर टाकून अख्खी बॅच रस्त्यावर. सगळ्यांत पुढं वकार.

शेवटी सरांनी दारातच खुर्ची टाकली. "इटलीत गॅलिलिओ म्हणून एक पोरगं होतं. चर्चमधला दिवा झुलताना दिसला. पळालं का? न्हाई. स्वतःची नाडी धरून झोके मोजत बसलं, असं म्हणतात. झोका लहान असो की मोठा, वेळ जवळपास तेवढाच. धरा नाडी."

दहा झोक्यांत कुणाचे ठोके पंचवीस भरले, कुणाचे चाळीस.

"लोटा एकच, मग आकडे वेगळे कसे?" सर म्हणाले. "मनगटातलं घड्याळ घाबरलंय."

त्यांनी नियम केला. ज्याचा आकडा सगळ्यांत मोठा, पुढचा झोका त्यानं द्यायचा. स्वतः हलवलेल्या लोट्याला कोण भिणार?

पुढं क्लासेसच्या पाट्यांनी गल्ली भरली. वकार मोठा झाला, सरांचाच क्लास चालवू लागला. नियम मात्र दर नव्या बॅचला लागतच राहिला. यंदा पहिल्या तासाला सर नव्हते; उन्हाळ्यातच ते वारले होते. त्यांची मुलगी पुनम फळ्यापाशी उभी होती, आणि दारात शिडी घेऊन आलेला माणूस व वकार.

"ताई, लोटा उतरवून घरी पोचवतो. तिथं प्रोजेक्टर बसवायचाय."

"गाठ बाबांची आहे, वकारभाई."

"तशीच्या तशी बांधून देतो की."

"तुमच्या बुटाचे बंद सुटलेत."

वकारनं खाली बघितलं. खरंच सुटले होते.

"एवढा तास होऊ द्या," पुनम म्हणाली. "मग न्या."

तिनं गॅलिलिओ सांगितला, लोट्याला झोका दिला. सगळ्यांनी मनगटं धरली. मुलांचे आकडे तिशीच्या आत आले. तिचा आला चौतीस.

"मॅडम, तुम्ही लई घाबरल्या," पहिल्या बाकावरची जिक्रा म्हणाली. वर्ग हसला. पुनमही हसली आणि लोट्याकडं निघाली.

"थांबा मॅडम. वकार सर बी मोजून राहिले होते. बोटं मनगटावरच होती."

वकारनं हात खिशात घातला. "माझं काय घेता? एकेचाळीस. आत्ताच जिना चढून आलोय."

"शेडला जिना कुठाय, सर?"

आता शिडीवालाही हसला. वकार पुढं आला. मान वर करून त्यानं सरांची गाठ बघितली. मग दोन बोटांनी, पोराच्या गालाला हात लावावा तसा, त्यानं झोका दिला.

"प्रोजेक्टर मागं लाव, पडदा मागच्या भिंतीला," तो शिडीवाल्याला म्हणाला. "पोरं मान वळवतील."

सगळ्यांनी पुन्हा मोजलं. वकारचा आकडा बराच उतरला होता. पुनमचा चौतिसावरच होता. या खेपेला तिनं तो कुणाला सांगितला नाही.