बयनाचं पान

मी एक पुस्तक बोलतोय. छापखाना मी पाहिलेला नाही. माझी दुसरी प्रत नाही, म्हणजे मला भावंडंही नाहीत.

आदिलाबादला पांडुरंगरावांचा फोटो स्टुडिओ बंद झाला, तेव्हा कोणी न नेलेले जुने फोटो रद्दीत निघाले. चंचल नावाच्या चित्रकार मुलीने ते उचलले, जाड कागदांवर डिंकाने चिकटवले आणि प्रत्येकाखाली मनाला येईल ते लिहिलं. उंटावरून शेळ्या हाकणंच ते, पण अक्षर सुरेख. असा मी जन्मलो.

हैदराबादच्या प्रदर्शनात मला काचेत ठेवलं. लोक वाकून बघायचे, ‘वा’ म्हणायचे आणि चहाकडे वळायचे. माझ्या पोटात एवढी माणसं, पण त्यांतलं एकही ओळखीचं नाही. फार एकटं वाटायचं.

मग चंचलने मला आदिलाबादजवळच्या जैनथ गावातल्या लोकांना दाखवायला नेलं. तिथे म्हातारी सोनाबाई एका पानावर थांबली. फोटोत दोन वेण्यांची मुलगी, ओठ घट्ट मिटलेले. चंचलने खालची ओळ वाचून दाखवली, ‘कोणीतरी येईल, म्हणून बसून आहे.’

“वाट नाई पाहून राह्यली, हसू दाबून राह्यली,” सोनाबाई म्हणाली. “हे माही बहीण, बयना. पाहुण्यायले दाखवाले फोटो काढला होता. हसू नको म्हणून मायनं बजावलं, अन् मी समोरून वाकुल्या दाखवत होती. फोटो आणाच्या आधीच तापानं गेली. मंग कोण जाते आणाले?”

घरात बयनाचा दुसरा फोटो नव्हता. सोनाबाईने तो मागितला.

“मावशी, एकच पुस्तक आहे. फोटो काढला तर ते मोडेल. मी चांगली झेरॉक्स देते ना.”

“झेरॉक्सले हार घालू काय?”

चंचलने फोटो काही काढला नाही. सोनाबाईने पदराने फोटो पुसला आणि ती घरी गेली. ‘काढून दे’ असं मला ओरडावंसं वाटलं, पण मला आवाज कुठला.

तेव्हापासून मी आदिलाबादेत चंचलच्या कपाटात आहे. ती नव्या कामात गुंतलीय. माझा डिंक वाळत चाललाय, बयनाचा एक कोपरा सुटलाय. मीही तो धरून ठेवत नाही.

कोणी मला उघडलंत, तर तो फोटो आपोआप हातात येईल. तो जैनथला सोनाबाईला नेऊन द्या, ती थकलीय. मोकळी जागा मला चालेल. ‘कोणीतरी येईल’ ही खालची ओळ मात्र खोडू नका. ती आता माझी आहे.