शालिग्रामभाऊंनी विकलेली मशीन

मी एक जुनी टिग वेल्डिंग मशीन आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माझं मन सध्या थाऱ्यावर नाही. आपली जीवनकहाणी सांगताना गोड बोलावं म्हणतात. मला ते जमायचं नाही. ज्यांच्या दारात मी तेरा वर्षं राबले, त्यांनीच माझ्या आडून एका भल्या माणसाला फसवलं.

माझं काम थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी धातूला धातू जोडते. माझ्या टॉर्चच्या टोकाला ठिणगी धरते, भोवती गॅस सोडते आणि त्या उजेडात धातू पाण्यासारखा वितळतो. स्टीलला एक करंट लागतो, ॲल्युमिनियमला दुसरा. ॲल्युमिनियमवर दुधाच्या सायीसारखा एक चिवट थर असतो आणि तो फोडायला एसी करंटच हवा. माझ्या तोंडावर त्यासाठी एक बटण आहे. ते दाबलं की हिरवा दिवा लागतो. दोन्ही कामं करणारी म्हणून त्या काळी माझी किंमतही तशीच होती.

कारखान्यातून निघाले ती थेट धुळ्याला, शालिग्रामभाऊंच्या वर्कशॉपमध्ये आले. भाऊंनी मला काय जपलं म्हणून सांगू! दर शनिवारी माझं झाकण उघडून आतली धूळ हवेने उडवायचे. खंडेनवमीला माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडायची. गिऱ्हाईक आलं की भाऊ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे की ही आहे म्हणून माझं दुकान आहे. मी फुगून जायची.

त्याच दिवसांत प्रशील तिथे शिकायला आला. भुसावळकडचा, हाडापेराने बारीक, पण नजर पक्की. त्याचा हात बसला तो माझ्यावरच. सहा वर्षं तो भाऊंच्या हाताखाली होता. मग दीपनगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे लागला, पुढे सुरत, वापी, हजिरा. जाताना भाऊंच्या पाया पडला आणि माझ्यावरचा हात त्याने लवकर उचलला नाही.

पुढे भाऊंनी नवी मशीन घेतली आणि मला ग्राइंडरशेजारी सरकवलं. दिवसभर लोखंडाचा भुगा उडायचा आणि माझा पंखा तो पोटात ओढायचा. शनिवार आले नि गेले, झाकण कोणी उघडलं नाही. एका दुपारी पोटात फट्‌ झालं, जळका वास सुटला आणि माझा एसी करंट कायमचा गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, हिचं आतलं सर्किट कार्ड आता मिळत नाही. आजारी पडले याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. वस्तू आहे, झिजणारच. पण त्यानंतर भाऊंनी जे केलं ते मला अजून गिळवत नाही. त्यांनी आतल्या दोन वायरी परस्पर जोडून टाकल्या. बटण एसीवर दाबलं की हिरवा दिवा लागायचा, करंट मात्र स्टीलचाच यायचा. वरून मला निळा रंग फासला आणि फोन लावला प्रशीलला.

प्रशील बायकोला, सविताला घेऊन आला. ती गावात अंगणवाडी सेविका आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यातली जेमतेम तीन दोघांनी एका घरात काढलेली. आता घरामागे पत्र्याचं शेड टाकून तिथेच काम करायचं, परमुलखात जायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन तोताराम आबा यांनी शब्द दिला होता. बुडं फुटलेले बारा ॲल्युमिनियमचे कॅन नीट करून दे, टिकले तर आसपासच्या सगळ्या सोसायट्यांचं काम तुझं.

भाऊंनी स्टीलच्या पट्टीवर मला चालवून दाखवलं. टाका असा सुरेख पडला की प्रशीलचे डोळे चमकले. मग भाऊंनी बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. ॲल्युमिनियमवर तर लोण्यासारखी चालते, म्हणाले.

सविता हळूच म्हणाली, "मग त्याच्यावर बी एकदा चालवून पाहा ना."

प्रशील शरमेने लाल झाला. ज्याने हातात टॉर्च दिली, त्याच्या वस्तूची परीक्षा शिष्याने घ्यायची? आमच्या या धंद्यात तो उस्तादाचा अपमान धरतात. त्याने तिला डोळ्यांनीच गप्प केलं. वर भाऊंना म्हणाला, "हिच्यावरच शिकलो मी भाऊ. हिला काय तपासायचं!"

मित्रांनो, त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेती तर बरं झालं असतं. त्याचा भरवसा एकट्या भाऊंवर नव्हता, माझ्यावरही होता.

टेम्पोतून मी पारोळ्यावरून जळगाव, तिथून त्याच्या गावी आले. चार दिवस नवराबायको नुसते माझ्या तैनातीला होते. माझ्यासाठी जाड वायर ओढली, वेगळं बटण बसवलं, गॅसची टाकी भिंतीला साखळीने बांधली. सविताने आपल्या जुन्या साडीची मला खोळ शिवली. प्रशीलने झाकण न उघडता फक्त वरून मला पुसलं. रंग ताजा होता ना.

पाचव्या दिवशी बारा कॅन आले, त्यातला पहिला पुढ्यात आला. प्रशीलने काच तोंडावर ओढली, बटण दाबलं आणि हिरवा दिवा लागला. ठिणगी पडली खरी, पण थर काही फुटेना. धातू जागच्या जागी फुगला, काळा पडला आणि भेगेचं भोक झालं. त्याने टॉर्चची सुई घासली. गॅसची टाकी बदलली. दुसरा कॅन गेला, तिसरा गेला. आणि मला कशाचं वाईट वाटलं सांगू? त्याने मला दोष दिलाच नाही. दोन दिवस तो आपलाच हात उलटासुलटा करून पाहत राहिला. सविताला म्हणाला की एवढी वर्षं लोखंडच जोडलं, हात विसरला वाटतं. ती त्याच्यासमोर चहा ठेवून तिथेच बसली.

तिसऱ्या दिवशी तिनेच त्याला माझं झाकण उघडायला लावलं. आत बोटभर भुगा होता, जळलेलं कार्ड होतं आणि त्याच्या शेजारी त्या दोन जोडलेल्या वायरी. त्यांच्यावरची टेप कोरी करकरीत. प्रशीलने ती टेप नखाने उचकटून पाहिली. मग त्याने भाऊंना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्या पाठीवर ठेवला.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. आवाज जराही हलला नाही. म्हणाले, "मशीन लेवाना आगोदर चालाडीसन देखनी, हाई मीच तुले शिकाडेल शे ना?"

"घेण्याआधी चालवून पाहायचं शिकवलं होतं, भाऊ," प्रशील म्हणाला. "पण ते दुसऱ्याची मशीन घेताना."

पलीकडून फोन बंद झाला.

तोताराम आबा स्वतः येऊन उरलेले नऊ कॅन घेऊन गेले. चिडले नाहीत, माणूस समजूतदार आहे. पण दूध थांबत नाही, म्हणाले. ते काम भुसावळच्या दुसऱ्या वेल्डरकडे गेलं. दोन आठवडे प्रशीलने स्टीलच्या खिडक्या, चुलीची स्टँडं असं किरकोळ काम केलं, पण त्यात घर चालेना. वापीच्या ठेकेदाराला त्याने होकार कळवला.

जायच्या आदल्या दिवशी सविता म्हणाली की पारोळ्याचा कोणी छगन मिस्त्री मशीन विचारतोय, तुम्ही नसताना आला तर देऊन टाकू का. प्रशील म्हणाला, दे. मग शेडमध्ये आला. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? आता हाही वायरींवर नवी टेप लावणार. इतकी मी माणसांना विटले होते. त्याने खरोखरच झाकण उघडलं. भाऊंनी जोडलेल्या दोन्ही वायरी तोडून काढल्या, सगळा भुगा हवेने उडवला आणि झाकण बंद केलं. मग तांबड्या ऑइलपेंटचा डबा आणून माझ्या निळ्या कपाळावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'फक्त स्टील. ॲल्युमिनियम होत नाही.'

सविता म्हणाली, असं लिहिल्यावर कोण घेईल? तो म्हणाला, नको घेऊ दे. सोमवारी सकाळी तो वापीला गेला.

छगन मिस्त्री आला, वाचलं आणि परत गेला. मी अजून इथेच आहे. मित्रांनो, जुनी वस्तू विकताना तिचा आजार झाकू नका, आणि विकायची वेळ येईपर्यंत तिची धूळ तरी झाडत जा. तेरा वर्षांत माझं कौतुक पुष्कळांनी केलं. पण माझ्याबद्दल खरं असं एवढंच लिहिलं गेलं आहे, आणि ते लिहिणाऱ्यालाच भाऊंच्या खोट्यापायी घर सोडावं लागलं.