डोंग्याचं बटन

"टोपली उतरव व बाई, मान गेली माही," पारबता अंगणातूनच म्हणाली.

रीता हात पुसत बाहेर आली. दोघींनी दोन बाजूंनी धरून टोपली ओट्यावर टेकवली. टोपली उतरवून घेतली म्हणजे मासोळी घेतलीच पाहिजे असं नाही; पण पाणी द्यायचं, बसवायचं, चार गावची खबर ऐकायची, एवढं त्यात येतंच. पारबता मासोळीवाली तीस वर्षं या सात टोल्यांत, आसपासच्या वाड्यावस्त्यांत, अशीच उतरत आली होती. कोणाची सून नांदत नाही, कोणाचा गोऱ्हा वाघाने नेला, कोणत्या डॉक्टरची सुई लागू पडते, सगळं आधी तिच्या तोंडून आणि मग पेपरात.

"पंचायत समितीले रत्नपालले मत देजो," कतला कापता कापता ती म्हणाली. "डोंग्यावर बटन दाबजो, होडीच्या चित्रावर."

"कोन रत्नपाल?"

"अवो, तहसीलीसमोर अर्ज लिहिते तो. तुह्या सासूच्या पेन्शनचा कागद कोनं लिहिला?"

"तो होय? दुबळासा, चष्म्याचा? तो उभा आहे?"

"उभा आहे. सासूलेही सांगजो. डोंगा."

रत्नपाल उभा आहे हे खरोखरच कोणाला ठाऊक नव्हतं. विरोधातल्या केशोरावांचे फलक नवेगाव बांधपासून हायवेपर्यंत लागले होते, तीन गाड्या भोंगे लावून फिरत होत्या. रत्नपालकडे एक सायकल आणि दोनशे पत्रकं. पण गावातल्या मासेमार संस्थेचा सगळा जीव या दुबळ्या माणसात अडकला होता. गावतलावाचा ठेका या वर्षी संपत होता. तो पुन्हा संस्थेला द्यायचा की बाहेरच्या ठेकेदाराला, हे पंचायत समितीत ठरणार होतं. केशोराव ठेकेदाराच्या गाडीतून फिरतात हे पोरासोरांना माहीत. बैठकीत उठून "हा तलाव यांचा आहे" असं कागदानिशी बोलू शकेल असा एकटा रत्नपाल. पारबताचा सासरा याच तलावात जाळं टाकायचा. तलाव गेला तर ती टोपलीत काय भरणार होती?

म्हणून ज्या दिवशी रत्नपालने फॉर्म भरला, त्याच दिवशी तिने विचारलं, "चिन्ह कोनतं बाबू?"

"तीन लिहून देल्ले मावशी. पहिला डोंगा. पन भेटू द्या, मंग सांगा."

"तवापर्यंत मार्गशीर्ष लागते ना. मंग माही टोपली कोन उतरवते?"

तिचंही खोटं नव्हतं. मार्गशीर्ष लागला की या टोल्यांतल्या बायका घट मांडतात, महिनाभर घरात मासोळी येत नाही. पारबताला मग कोणाच्या अंगणात काम नाही. बोलायचं तर कार्तिकातच बोलून घ्यायला हवं. आणि डोंगा आपल्याला नाही तर कोणाला देतील? संस्थेच्या भिंतीवर डोंगा, तलावात डोंगा. म्हातारीने हिशोब केला आणि आठ दिवसांत सातही टोले पालथे घातले. पाय सुजले, पण ओट्याओट्यावर रत्नपालचं नाव पोचलं. एका टोल्यात तर ती पोचायच्या आधीच बायका म्हणाल्या, "मालूम आहे, डोंगा." त्या दिवशी ती भलती खूश होती.

चिन्हं वाटली तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. डोंगा दोघांनी मागितला होता. चिठ्ठी काढली. डोंगा गेला कोहमाऱ्याच्या ईश्वरदासला. हा ईश्वरदास धाब्यामागे पंक्चर काढायचा, आणि पेपरात नाव यावं एवढ्यासाठी उभा राहिला होता. रत्नपालला मिळाली शिलाई मशीन.

तिला चिठ्ठीचं सांगून रत्नपाल नुसता चष्मा पुसत बसला. तो चार शिव्या देता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती रिकामी टोपली घेऊन निघाली. टोपलीशिवाय कोणाच्या दारात जायचं तिला सुचलंच नाही. तीस वर्षांत ती तशी कधी गेलीच नव्हती. नेमका गुरुवार. रीताच्या अंगणात सारवण, रांगोळी, दारात तोरण.

"तेथीच थांब मावशी," रीता घाईने म्हणाली. "घट मांडला आहे. टोपली आत नोको आनू."

"खाली आहे व टोपली, मासोळी नाई तिच्यात."

"वास त येते ना."

मग पारबता कुंपणाबाहेरूनच बोलली. "डोंगा नोको दाबू. कपडे शिवाची मशीन दाबजो. रत्नपाल तोच, चिन्ह बदललं."

आतून रीताची सासू बाहेर आली. तिने पारबताकडे नीट पाहिलं. "आठ दिवसांआधी डोंगा, आज मशीन. कोनं काय देल्लं तुले?"

"कोनी काई नाई देल्लं माय. माही चूक झाली."

"चूक कायची? सात टोल्याले एकच चूक सांगतली? केशोरावची मानसं घरोघरी हिंडून राहिली, आमाले समजत नाई का?"

घ्या. तीस वर्षांत पाव किलोत एक काटा इकडचा तिकडे न केलेली बाई, आणि तिने आपलाच शब्द परत मागितला तर ती विकली गेलेली ठरली. पुढच्या टोल्यात तेच. त्याच्या पुढे तर तिच्या आधीच खबर पोचली होती, की पारबता फितली, पहिलाच शब्द खरा धरा. गावोगाव बातमी कशी पळते हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिनेच तिला पळायला शिकवलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सडकेच्या मैलदगडावर बसली आणि कोणी नाही असं पाहून रडली.

निकाल लागला. केशोराव रत्नपालपेक्षा एकशे सत्तर मतं जास्त घेऊन निवडून आले. ईश्वरदासला चारशे बारा मतं पडली. ज्याने एक पत्रक वाटलं नाही, ज्याला सात टोल्यांत कुत्रं ओळखत नव्हतं, त्याला चारशे बारा. तो बिचारा स्वतःच चक्रावला आणि धाब्यावर सगळ्यांना चहा पाजत सुटला. रत्नपाल दुसऱ्या दिवशी तहसीलीसमोर आपल्या जागी टेबल लावून बसला.

पौष लागला तोवर तलावावर ठेकेदाराचा चौकीदार आला होता. पारबताने ठेकेदाराच्या गाडीतून बर्फातली मासोळी विकत घेतली, टोपली भरली आणि निघाली. पोट कोणासाठी थांबतं?

रीता लांबूनच हसली. न सांगता पुढे आली आणि टोपली उतरवून घेतली.

"मावशी, रागवू नोको. सासू बोलून गेली. पन आमी तुहा पहिला शब्द नाई मोडला. मी, सासू, दोघी जावा, सारेच्या साऱ्या डोंग्यावर."

पारबताने कतला तोलला. एक तुकडा वर टाकला. सांगावं असं एकदा ओठांपर्यंत आलं. पण समोर रीताचा तोंडभर खरेपणा, तो मोडायचा तिला धीर झाला नाही. "मेहरबानी बाई," ती म्हणाली.

निघताना रीताने टोपली उचलून तिच्या डोक्यावर दिली, चुंबळ नीट केली आणि तशीच हात लावून उभी राहिली.

"एक सांग मावशी. आमी साऱ्यांनी देल्लं, मंग तो पडला काऊन?"

डोक्यावर भरली टोपली असली की मान हलवता येत नाही. ना होय म्हणायला, ना नाही. पारबता तशीच ताठ वळली आणि पुढच्या घराकडे चालू लागली.